एका चालकाचं वेळापत्रक

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी आबांना नकाशा दाखवला. शिकागोजवळच्या शॉम्बर्गपासून थेट सिॲटलपर्यंत निळी रेघ, जवळजवळ सगळी आय-नाइंटी हायवेवरून. अंतर दोन हजार मैलांच्या वर, म्हणजे सव्वातीन हजार किलोमीटर. गूगलच्या हिशेबाने तीस तास. मला वाटलं, आबा विचारतील की वाटेत बघण्यासारखं काय काय आहे. त्यांनी चष्मा पुसला, रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चालक किती?"

"मी एकटीच."

"मग एवढे तीस तास कुणाच्या जिवावर?"

ही गोष्ट २०१९ च्या जूनमधली. नवऱ्याला सिॲटलला नोकरी लागली होती आणि तो जुलैत पुढे जाणार होता. घर आवरून, नऊ वर्षांच्या मुलाला, सहा महिन्यांसाठी आलेल्या आईआबांना आणि आमच्या सात आसनी गाडीला तिकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. विमानाचा पर्याय होता. गाडी ट्रेलरवर चढवून पाठवता आली असती. पण आईला देवघरातले देव सामानाच्या ट्रकमध्ये द्यायचे नव्हते, आणि आबांनी आल्यापासून अमेरिकेतला एकच रस्ता पाहिला होता, घर ते इंडियन स्टोअर. मला त्यांना तो देश जमिनीवरून दाखवायचा होता. तेव्हा निघायचं ते गाडीनेच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आबा एस.टी.त चालक होते. सातारा आगारात एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी रातराणीवर, साताऱ्याहून बोरिवली. माझा पहिला बेत चार दिवसांचा होता, रोज पाचशे मैलांच्या वर. आबांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "आमच्या कायद्यात चालकाला दिवसाला आठ तास. सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती." हा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा. त्यांना त्यातली कलमं अजून पाठ आहेत. मी वाद घालायचा म्हणून इथला ट्रकचालकांचा नियम शोधून काढला: दहा तास विश्रांतीनंतर चौदा तासांच्या अवधीत अकरा तास गाडी चालवायला परवानगी. मी तो त्यांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला.

"तो रोज चालवणारा माणूस हाय. तू रोज किती चालवतीस?"

ऑफिसला जाऊन-येऊन बावीस मैल. मी गप्प बसले.

त्या रात्री त्यांनी मला खंबाटकी घाटातली एक गोष्ट सांगितली. ती मी याआधी कधीच ऐकली नव्हती. पहाटे चारच्या सुमारास, घाट उतरून झाल्यावर, सरळ रस्त्यावर त्यांचे डोळे मिटले. क्षणभरच. चाक खडीवर गेल्याचा आवाज आला आणि ते जागे झाले. त्यांनी गाडी बाजूला घेतली, वाहकाला खरं कारण सांगितलं, तोंडावर पाणी मारून वीस मिनिटं खाली उभे राहिले. आत सगळी माणसं झोपलेली होती. "घाटात माणूस जागा असतो पोरी. झोप येती ती सरळ रस्त्यावर," आबा म्हणाले. साउथ डकोटात आय-नाइंटी चारशे मैलांहून जास्त लांब आहे आणि बराचसा रस्ता असाच सरळ आहे. वेगमर्यादा ताशी ऐंशी मैल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार दिवसांचा बेत पुसून टाकला.

आबांनी माझ्या मुलाकडून फुलस्केप कागद मागून घेतले आणि पट्टीने रकाने आखले: थांबा, पोच, सुट, मैल, शेरा. कॉम्प्युटरवर मी तोच तक्ता करून दिला असता, पण त्यांना हाताने आखलेलाच हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो हाताने आखलेलाच हवा होता. निघेपर्यंत तो कागद फ्रीजवर चिकटवलेला राहिला. त्यावर इतकी खाडाखोड झाली, की तीनदा नवा लिहावा लागला.

पहिली मोठी खाडाखोड तारखांची. मी ३ ऑगस्टला निघायचं ठरवलं होतं. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीला मुक्काम शोधायला गेले तर साध्या मोटेलच्या खोलीचा दर नेहमीच्या तिपटीच्या वर. मला वाटलं, सुट्ट्यांचे दिवस आहेत, असेल. दोन रात्रींचे पैसे भरून टाकले, आणि तेही परत न मिळणाऱ्या दरात, कारण दुसरा दर दाखवतच नव्हता. नंतर कळलं, की रॅपिड सिटीपासून अर्ध्या तासावर स्टर्जिस नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे १९३८ पासून ऑगस्टच्या सुरुवातीला मोटारसायकलवाल्यांची दहा दिवसांची जत्रा भरते. लाखो माणसं येतात. आसपासच्या शंभर मैलांतल्या खोल्या त्यांच्यासाठी भरलेल्या असतात. पंढरपुरात आषाढीला खोली शोधण्यासारखंच होतं ते. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. भरलेले पैसे गेले. महिनाअखेरीचे दिवस होते, मला ते फार लागलं.

त्यानंतर मी एक गोष्ट कधीच सोडली नाही: मुक्कामाच्या प्रत्येक गावाचं नाव आणि तारीख घालून त्या आठवड्यात तिथे काय आहे ते आधी शोधायचं, खोली नंतर. आणि खोली घ्यायची ती आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच, चार पैसे जास्त पडले तरी. निघायची तारीख १७ ऑगस्ट ठरली. सिॲटलच्या शाळा लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, सुरू होतात, तेव्हा मुलाचंही नुकसान नव्हतं. सामान नेणाऱ्या कंपनीने पोचवायची नेमकी तारीख न देता सात ते चौदा दिवसांचा अवधी सांगितला होता. आधी मला त्याचा राग आला होता. पण आबा म्हणाले, की रिकाम्या घरात लवकर पोचून करायचं काय?

दुसरी खाडाखोड येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची, आणि ती सगळ्यांत अवघड गेली.

आय-नाइंटीने सिॲटलला जाणारा माणूस येलोस्टोन टाळत नाही, असं मला वाटत होतं. मुलाने तर खोलीच्या भिंतीवर गरम पाण्याच्या कारंज्याचं चित्रही लावलं होतं. पण उद्यानाच्या आतल्या खोल्या लोक वर्षभर आधी धरून ठेवतात. बाहेरच्या गावांत जे उरलं होतं ते तिथून येऊन-जाऊन रोजचे तीन-चार तास खाणारं. उद्यानाचा बराच भाग साडेसात-आठ हजार फुटांवर आहे. आईला मधुमेह, आबांना रक्तदाब. डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, पण "पोचल्यावर एक दिवस नुसता आराम करा" असं म्हणाले. मी हिशेब मांडला: येलोस्टोन घ्यायचं तर किमान तीन दिवस वाढवायचे, नाहीतर एका दिवसात पळत बघायचं. आबा म्हणाले, "ते वाटेवरचा थांबा न्हाय. ते मुक्कामी जायचं गाव हाय. पुन्हा जा, मुद्दाम जा."

मुलाला हे सांगताना मला वाईट वाटलं. तो रडला नाही, नुसता खोलीत गेला. संध्याकाळी मी त्याला नकाशा आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, हायवेपासून तीस मैलांच्या आतलं एक ठिकाण तू निवड, तुझं कुणी खोडणार नाही. दोन दिवस वाचून त्याने वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर निवडला. सपाट माळातून उठलेला आठशेहून जास्त फूट उंचीचा खडक, १९०६ साली जाहीर झालेलं अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक. आबांनी तो शिसपेन्सिलीने न लिहिता पेनने लिहिला.

शेवटी कागदावर आठ दिवस आले, त्यातला एक पूर्ण विश्रांतीचा. शॉम्बर्ग ते मिनेसोटातलं अल्बर्ट ली, तीनशे सत्तर मैल. तिथून मिसुरी नदीकाठचं चेंबरलेन, तीनशे दहा. मग बॅडलँड्सचे झिजलेले कडे बघत रॅपिड सिटी, आणि तिथे एक दिवस थांबा. पुढे डेव्हिल्स टॉवर करून शेरिडन. शेरिडन ते बोझमन. बोझमन ते कर डलेन, तीनशे पासष्ट. आणि शेवटचे तीनशे दहा मैल सिॲटलपर्यंत. प्रत्येक दिवसाला आठ तासांची ड्युटी, पण हात चाकावर सहा तासांच्या आतच.

वेळ कशी वाटायची हे मला आबांकडून शिकायला मिळालं, आणि ते मला कुठल्याही ॲपने सांगितलं नसतं. आपण पश्चिमेला चाललोय, म्हणजे दुपारनंतर सूर्य समोर. "कराडहून चिपळूणला संध्याकाळची गाडी घेऊन जा म्हणजे कळंल. कुंभार्ली येईस्तोवर डोळ्यांत नुसता जाळ," आबा म्हणाले. ऑगस्टमध्ये त्या भागात सूर्य आठ-सव्वाआठपर्यंत मावळत नाही, आणि मावळतीला हरणं रस्त्यावर येतात. म्हणून सकाळी सातला सुटायचं आणि चारच्या आत मुक्काम गाठायचा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. या रस्त्यावर दोनदा तास मागे जातो: एकदा साउथ डकोटात मर्डो गावाच्या पुढे आणि एकदा माँटाना संपून आयडाहो सुरू होतो तिथे, लुकआउट खिंडीत. म्हणजे त्या दोन दिवशी पंचवीस तास मिळतात. बॅडलँड्सचा थांबा आबांनी पहिल्या पंचविसाव्या तासात बसवला आणि दुसऱ्या लांब पल्ल्याचा दिवस दुसऱ्यात. आईच्या इन्सुलिनच्या वेळा मात्र आम्ही शिकागोच्या घड्याळावरच ठेवल्या आणि सिॲटलला पोचल्यावर डॉक्टरांना विचारून बदलल्या. इन्सुलिनला उष्णता चालत नाही आणि गोठणंही चालत नाही, तेव्हा ते बर्फावर थेट ठेवायचं नाही. छोट्या पिशवीत गुंडाळून कूलरच्या वरच्या कप्प्यात, आणि गाडीतून उतरताना पिशवी आईच्या खांद्यावर. ऑगस्टच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते.

दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरून दहा मिनिटं चालायचं, हाही कागदावर लिहिलेला थांबा होता. फक्त बाथरूमपुरता नव्हे. वयस्कर माणसांच्या पायात तासन् तास बसून रक्त साकळू शकतं. इथल्या हायवेवरचे रेस्ट एरिया त्यासाठी फार चांगले आहेत, स्वच्छ, झाडाखाली बाक असलेले, फुकट. मी त्यांचे मैल नोंदवून ठेवले. या रस्त्यावर फाट्याचा क्रमांक म्हणजेच त्या राज्याच्या पश्चिम सीमेपासूनचे मैल. आपण पश्चिमेला जाताना आकडा उतरत जातो. मुलाला हे कळल्यावर "किती राहिलं?" हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. तोच आम्हाला सांगायचा.

गाडीची तपासणी हा आबांचा प्रांत. गॅरेजमध्ये तेल बदललं, ब्रेक बघितले, टायर ठीक आहेत असं लिहून मिळालं. आबांनी घरी येऊन बसकण मारली आणि प्रत्येक टायरच्या आतल्या कडेला हात फिरवला. मागचा डावा आतून झिजला होता. इथे लोक एक सेंटचं नाणं टायरच्या खाचेत उलटं घालून बघतात: लिंकनचं पूर्ण डोकं दिसलं तर टायर संपला. त्या टायरला बाहेरून डोकं अर्धं बुडत होतं आणि आतल्या कडेला केसांसकट दिसत होतं. मागचे दोन्ही टायर नवे घातले, अलाइनमेंट करून घेतली. मग आबांनी विचारलं, "स्टेपनी कुठाय?" मी डिकीतली फळी उचलली. तिथे एक छोटा पंप आणि चिकट द्रावाची बाटली होती. गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती आणि स्टेपनी नाही हे मला माहीतच नव्हतं. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत ती देतच नाहीत. खिळा रुतला तर ती बाटली उपयोगी, टायर बाजूने फाटला तर नाही. आम्ही जंकयार्डमधून त्याच गाडीची स्टेपनी, जॅक आणि पाना घेतला, आणि आबांनी मला ड्राइव्हवेवर दोनदा चाक बदलायला लावलं. त्यांनी हात लावला नाही. शिवाय ट्रिपल-ए या रस्त्यात अडलेल्या गाड्यांना मदत करणाऱ्या संस्थेचं प्लस सभासदत्व घेतलं. त्यात गाडी शंभर मैलांपर्यंत ओढून नेतात. मिसुरीच्या पलीकडे दोन गावांमधलं अंतर बघता त्याची गरज होती.

पेट्रोलचा नियम एकच: मिसुरी ओलांडली, की टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी मला एका ट्रकचालकाने सांगितली. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात, वायोमिंगमध्ये आणि माँटानात पुष्कळ पंपांवरचं सगळ्यांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. आमच्या गाडीच्या पुस्तकात किमान ८७ लिहिलंय. शिकागोच्या सवयीने डावीकडचं बटण दाबलं, तर चुकीचं भरलं जाणार. तेही शेऱ्याच्या रकान्यात गेलं. टोल मात्र इलिनॉयमध्येच. रॉकफर्ड मागे पडलं, की विस्कॉन्सिनपासून सिॲटलपर्यंत आय-नाइंटीवर एकही टोलनाका नाही, यावर आबांचा बराच वेळ विश्वास बसला नाही.

खाण्याची तयारी आईने केली आणि त्यात मी लक्ष घातलं नाही. दशम्या, भडंग, मेतकूट, तिळाची चटणी, आणि छोटा राइस कुकर, ज्यात हॉटेलच्या खोलीत रोज मुगाची खिचडी झाली.

आगीच्या धुराची मला शेवटपर्यंत काळजी होती. आधीच्या दोन्ही ऑगस्टमध्ये सिॲटलपर्यंत वणव्यांचा धूर पसरला होता. मी रोज रात्री एअरनाऊ या हवेची स्थिती सांगणाऱ्या साइटवर वाटेवरच्या मिझूला आणि स्पोकेनची हवा बघायची. आईसाठी मास्क घेतले होते. आम्हाला धूर लागला नाही. मास्क तसेच परत कपाटात गेले.

कागदाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी झाली. मिचेलच्या अलीकडे पश्चिमेला आभाळ हिरवट काळं झालं. माझ्या मनात आलं, सत्तर मैल तर राहिलेत, काढू पुढे. आबा मागून म्हणाले, "घे बाजूला." आम्ही पुढच्या फाट्यावर उतरून पेट्रोल पंपाच्या छताखाली उभे राहिलो. दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या, सुपारीएवढ्या. छताच्या पत्र्याचा आवाज इतका होता, की मुलगा कानांवर हात ठेवून आजीच्या कुशीत शिरला. आम्ही तिथे पन्नास मिनिटं होतो. आबांनी त्या दिवसाच्या कागदावर तासाभराची सवड आधीच ठेवलेली होती, आणि आम्ही चारला दहा मिनिटं असताना चेंबरलेनला पोचलो. मी चार दिवसांच्या बेतावर असते, तर त्या गारांत ऐंशीच्या वेगाने असते. त्याचा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही.

संध्याकाळी नदीवरच्या रेस्ट एरियात गेलो. तिथे टेकडीवर पन्नास फूट उंचीची स्टीलची स्त्री उभी आहे, २०१६ साली बसवलेली. 'डिग्निटी' तिचं नाव. लकोटा आणि डकोटा या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या सन्मानार्थ. दोन्ही हातांनी तिने पाठीमागे गोधडी पसरून धरलीये, निळ्या चौकटींची, मधे तारा. वारा आला, की ते तुकडे हलतात. आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या. ती पुतळ्याभोवती पूर्ण फेरी मारून आली, मग पुन्हा एक, आणि म्हणाली, "तुकडे अगदी माझ्यासारखेच जोडलेत गं." त्या ठिकाणासाठी मी कागदावर पंधरा मिनिटं लिहिली होती. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

तिसऱ्या दिवशी मर्डोच्या पुढे घड्याळ तासाने मागे गेलं तेव्हा मुलाने टाळ्या वाजवल्या, आणि तो तास आम्ही बॅडलँड्सच्या कड्यावर दशम्या खात घालवला. डेव्हिल्स टॉवरच्या पायथ्याच्या पायवाटेवर आई अर्ध्यातून परतली, आबा आणि मुलगा पूर्ण फिरून आले. बोझमनच्या आधी, लिव्हिंग्स्टनला, येलोस्टोनकडे वळणारी पाटी दिसली. गाडीत कुणी काही बोललं नाही. मुलाने ती पाटी मागे जाईपर्यंत मान वळवून बघितली.

शेवटच्या दिवशी व्हँटेजजवळ कोलंबिया नदी लागली. कोरड्या तपकिरी डोंगरांच्या मधे एवढं रुंद निळं पाणी असेल, असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. कागदावर तिथे थांबा नव्हता. आबांनीच हात पुढे करून गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

सिॲटलच्या घरासमोर नवरा उभा होता. देव आधी आत गेले, मग आई. आबा गाडीतच बसून राहिले, मांडीवर कागद घेऊन, पेनाचं टोपण दातात धरून. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी शेवटची ओळ लिहून खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. पोच ३.२५. उशीर २५ मिनिटे. कारण: नदी.